नगरच्या ख्रिस्ती मंडळ्या आणि त्यांचे पाळक

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास जाणूं इच्छिणारे बहुतेक लोक मिशनऱ्यांचीं चरित्रें वाचून थांबतात. अमुक साहेब केव्हां आले, त्यांनीं कोणती शाळा काढली, किती माणसें बाप्तिस्मा घेऊन आलीं, एवढें कळलें म्हणजे सर्व कळलें असें त्यांस वाटतें. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळा आहे. मंडळीचा भार वाहावयाचा कोणीं? एकट्या पाळकानें, कीं पाळक व सभासद यांनीं मिळून? ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगर जिल्ह्यांत हा प्रश्न जसा उघडपणें पुढें आला, तसा तो आपल्याकडे क्वचितच आला असेल.

अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ह्ज, रीड व हर्वे हे गृहस्थ 1831 च्या अखेरीस नगरास आले. त्यांच्याबरोबर बाबाजी नांवाचे एक ब्राह्मण ख्रिस्ती होते. पुढच्याच वर्षीं हर्वे पटकीनें वारले. 1833 सालीं नगरची पहिली मंडळी स्थापन झाली आणि त्याच वर्षीं बाबाजींसहि पटकीनें ओढून नेलें. गोरगरिबांसाठीं चालविलेल्या आश्रयस्थानांतलीं कांहीं माणसें या पहिल्या सभासदांत होतीं. ज्यांस स्वतःचें पोट भरण्याची पंचाईत, त्यांजकडून मंडळीनें काय अपेक्षावें? साहजिकच सर्व खर्च मिशनचा आणि सर्व सूत्रें साहेबांच्या हातीं, अशी घडी बसली. ती कोणीं मुद्दाम बसविली असें आम्ही म्हणत नाहीं, पण बसलेली घडी मोडणें कठीण असतें.

1839 च्या सुमारास हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक हे दोन ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. पुढें वडाळें, खोकर अशा गांवोगांवच्या महारवाड्यांतून माणसें येऊं लागलीं, आणि मंडळ्यांत त्यांचीच संख्या मोठी झाली. 1854 सालीं हरिपंत व रामकृष्णपंत यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्याच सुमारास हिंदुस्थानांत आले होते. देशी मंडळ्यांनीं आपला कारभार, आपला खर्च व आपला प्रसार स्वतः करावा, असा त्यांचा आग्रह होता. विचार उत्तम होता. परंतु ज्या प्रसंगावर वाचकांनीं क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें, तो या विचाराहून मोठा आहे. ज्यांची सावली टाळावी असें ज्यांस लहानपणीं शिकविलें गेलें, त्यांच्याच पंक्तीस बसून, प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्या हातीं देऊन, या दोघांस पाळकपण करावयाचें होतें. उलटपक्षीं, ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ब्राह्मणापुढें मान खालीं घातली, त्यांस त्याच ब्राह्मणास बंधु म्हणून सल्ला द्यावयाचा व प्रसंगीं त्याची चूक दाखवावयाची होती. आमच्या समजुतीनें दुसरें काम अधिक अवघड.

या कामीं एका देशी साधनानें फार मदत केली. 1860 नंतरच्या दशकांत नगरकडील कृष्णराव सांगळे प्रभृति मंडळींनीं ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. व्यासपीठावरून दिलेलें व्याख्यान सभासद मुकाट्यानें ऐकतो आणि घरीं जातो. कीर्तनांत तसें चालत नाहीं. बुवा पुढें उभा असला तरी मागचे साथीदार ध्रुपद उचलीत नाहींत तोंपर्यंत त्याचें कांहीं चालत नाहीं, आणि टाळ धरण्यास अक्षरओळख लागत नाहीं. ज्यास वाचतां येत नव्हतें अशा शेतमजुरालाहि उपासनेंत आपलें काम मिळालें. मिशनच्या अहवालांत जमाखर्चाचे आंकडे मोठे दिसतात, पण मंडळी एकजीव होण्यास टाळ-मृदंगांनीं त्याहून अधिक हातभार लावला, असें आमचें मत आहे.

पुढें 1876 चा व 1899 चा असे दोन मोठे दुष्काळ आले. उपासमारीनें गांजलेले लोक मोठ्या संख्येनें मिशनच्या आश्रयास आले आणि अन्न देणारा तो वडील, हें नातें पुन्हां घट्ट झालें. 1878 सालीं रॉबर्ट ह्यूम यांनीं नगरास धर्मशिक्षणाची शाळा काढली. तींतून चांगले उपदेशक निघाले, पण पगार मिशनचा असल्यामुळें "सेवा हें पगारदाराचें काम" ही समजूत कांहीं जाईना.

याच शाळेंत शिकविणाऱ्या नारायण वामन टिळकांस ती समजूत बोंचूं लागली. 1895 त बाप्तिस्मा, 1904 त पाळकपणाची दीक्षा, 1912 पासून नगरासच 1842 सालीं निघालेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादन, असा त्यांचा क्रम सर्वश्रुत आहे. 1917 सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंसहि तेथें जागा होती. अनेकांनीं यास कवीचा लहरीपणा म्हटलें. आम्हांस तो नगरच्या सुमारें पंच्याऐंशी वर्षांच्या अनुभवांतून निघालेला निष्कर्ष दिसतो. दरबाराचा विस्तार पाहण्यास मात्र टिळक राहिले नाहींत. 9 मे 1919 रोजीं ते मुंबईस वारले.

टिळकांची गोष्ट सांगतांना लक्ष्मीबाईंस विसरून चालत नाहीं. पति ख्रिस्ती झाल्यावरहि कित्येक दिवस त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नव्हतें. पुढें राहुरीस असतां, बाप्तिस्म्यापूर्वींच, जातिभेद माणसांनीं केलेला आहे असें त्यांच्या मनानें घेतलें आणि त्या कोणाच्याहि हातचें पाणी पिऊं लागल्या. कोणा पाळकाच्या आज्ञेनें हें झालें नाहीं. टिळकांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईंनीं तें पुढें लिहावयास घेतलें आणि बहुतेक सर्व पुरें केलें. 1936 त त्या वारल्यावर उरलेला शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं लिहिला.