लेबर कॅम्पातला डफ, धारावीतला बीट

अण्णा भाऊ साठे यांनी माटुंग्याच्या लेबर कॅम्पात असताना जे पोवाडे रचले, त्यांतला अगदी सुरुवातीचा एक पोवाडा कुणा वीरावर नव्हता. तो मच्छरांवर होता. वाटेगावहून चालत मुंबई गाठलेला हा तरुण कामगारांच्या वस्तीत राहत होता आणि वस्तीला रात्री झोपू न देणारा शत्रू त्याने गाण्यात धरला. शिवकालापासून चालत आलेला, लढाया आणि पराक्रम सांगणारा पोवाड्याचा घाट त्याने नाली, घाण आणि डासांसाठी वापरला. ऐकणाऱ्यांना ते गाणे आपले वाटले, यात नवल नाही.

हा लेबर कॅम्प धारावीला लागूनच आहे. आज तर तो धारावीतच धरला जातो. त्याच गल्ल्यांच्या आसपास सत्तरेक वर्षांनी मुले रॅप करू लागली, तेव्हा त्यांच्याही गाण्यांत तुंबलेले गटार, सार्वजनिक संडासापुढची रांग आणि अंगावर येणारा पोलीस होता. या मुलांनी अण्णा भाऊ वाचले होते, असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या कानावर न्यूयॉर्कचे हिप हॉप आले होते. पण ज्या जमिनीवर ते उभे होते, तिला गाण्यातून भांडण्याची जुनी सवय होती.

ही सवय लावली जलशांनी. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला ऐवज बदलला. पुढे 1930च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरले. गणपतीच्या स्तवनाची जागा बाबासाहेबांच्या वंदनेने घेतली, गौळण गेली, आणि बतावणीतल्या सवाल-जवाबांतून अस्पृश्यता, शिक्षण, दारू, सावकारी यांवर बोलणे सुरू झाले. अक्षरओळख नसलेल्या माणसाला सभेतले भाषण जड जाई. जलसा मात्र त्याला रात्रभर जागवत असे. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारख्याच तोलाचा, असे बाबासाहेब म्हणाल्याची आठवण चळवळीत आजही सांगतात.

जलशाची खरी ताकद त्याच्या मागेपुढे होती. जलसा एकटा येत नसे. त्याच्यासोबत सभा येई, संघटना येई, वर्गणी येई, दुसऱ्या दिवशी करायचे काम येई. 1944 साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेही कामगार चळवळीचा भाग म्हणूनच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांच्या डफावर मैदाने भरली. सरकारलाही या डफाची धास्ती होती. कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली.

तिकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 11 ऑगस्ट 1973 रोजी डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवरचा तालाचा तुकडा लांबवत नेला, आणि हिप हॉपची जन्मतारीख म्हणून तो दिवस नोंदला गेला. महामार्गासाठी घरे पाडलेली, मालकांनी वाऱ्यावर सोडलेली ती वस्ती होती. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव मनात धरून. मुंबईतली माणसे अमेरिकेकडे पाहत होती.

मुंबईत हिप हॉप रुजले ते मोबाइलमुळे. कुर्ल्याच्या नेझीने 2014 साली ‘आफत’ आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले. स्टुडिओ नको, फडही नको. धारावीत 2015 पासून ‘धारावी ड्रीम प्रोजेक्ट’मध्ये मुले फुकट रॅप, बीटबॉक्सिंग आणि ब्रेकिंग शिकू लागली. घोळका करून एकापाठोपाठ एक गाण्याचा सायफर पाहिला, की शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी’ची झील धरणारे साथीदार आठवतात. सायफरमध्ये मात्र झीलकरीही आपली पाळी येताच शाहीर होतो.

2019 सालच्या ‘गली बॉय’ या चित्रपटाने ही दुनिया घराघरांत नेली, पण सांगितली एका मुलाच्या यशाची कथा. मला त्यापेक्षा मोलाचे वाटते ते ‘स्वदेशी’ या गटाचे काम. एमसी मवाली, 2022 साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेलेला एमसी तोडफोड, अमरावतीकडून आलेला सौरभ असे वेगवेगळ्या भाषांत गाणारे हे तरुण. जिथे आंदोलन चालू आहे तिथे गाणे, हा जलशाचा धागा त्यांनी पुन्हा हाती घेतला.

गाण्याने काय होते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. चेन्नईच्या सोफिया अश्रफने 2015 साली कोडईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याच्या प्रदूषणावर रॅप केला. पुढच्या वर्षी हा कारखाना चालवणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरने 591 माजी कामगारांशी समझोता केला. पण कामगार त्याआधी दीड दशक लढत होते. त्यांच्या लढ्याला त्या गाण्याने जोर दिला. आणि गाणे टोचते हेही खरे: 2023च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या मराठी रॅपरांवर त्यांच्या गाण्यांमुळे गुन्हे दाखल झाले.

‘स्वदेशी’चे ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे मुंबईतल्या आरे जंगलाच्या तोडीविरुद्धच्या आंदोलनातले. नावातच 1945चा, वेठबिगारीविरुद्ध उभा राहिलेला वारल्यांचा उठाव आहे. त्यात रॅपरांसोबत गातात आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर. जंगलावर गाणे करताना जंगलात राहणाऱ्याला गायला बोलावणे, हे या मुलांना सुचले. 4 ऑक्टोबर 2019च्या रात्री आरेत मेट्रो कारशेडसाठी करवती चालू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. भोईरांचा पाडा तिथेच आहे.