ध्वनिकीय प्रतिमानांतील पृष्ठद्रव्ये
सभागृह, नाट्यगृह, वर्गखोली किंवा कारखान्याची शेड यांतील ध्वनीचे वर्तन बांधकामापूर्वी संगणकाच्या साहाय्याने वर्तविताना भिंती, छत, जमीन, आसने इ. प्रत्येक पृष्ठास त्याच्या द्रव्याचे ध्वनिकीय गुणधर्म नेमून द्यावे लागतात. यांत शोषण गुणांक प्रमुख होय. पृष्ठावर पडलेल्या ध्वनिऊर्जेचा जो अंश परत येत नाही, त्यास शोषण गुणांक म्हणतात. हा गुणांक कंप्रतेनुसार बदलतो. गिलावा केलेली वीटभिंत सर्वच कंप्रतांना अत्यल्प शोषण करते. जाजम उच्च कंप्रतांचे, तर मागे पोकळी ठेवून बसविलेली पातळ लाकडी तक्तपोशी नीच कंप्रतांचे शोषण अधिक करते. म्हणून १२५ ते ४,००० हर्ट्‌झपर्यंत प्रत्येक सप्तकासाठी गुणांक निराळा द्यावा लागतो.

या विषयाचा पाया अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी घातला. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द एकमेकांत मिसळून जात व व्याख्यान समजत नसे. १८९५ पासून सॅबिन यांनी रात्रीच्या शांततेत तेथे शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या कमीजास्त संख्येने मांडून निनादन काल मोजला. निनादन काल (सेकंद) हा खोलीचे घनफळ (घ. मी.) गुणिले ०·१६१ भागिले एकूण शोषण (चौ. मी.) इतका असतो, हा नियम त्यांतून निघाला. एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठाचे क्षेत्रफळ व त्याचा गुणांक यांच्या गुणाकारांची बेरीज. १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टन सिंफनी हॉलच्या आराखड्यात या नियमाचा उपयोग झाला.

नियम हाती आला तरी सभागृहे बिघडण्याचे थांबले नाही. न्यूयॉर्कमधील फिलहार्मॉनिक हॉल १९६२ मध्ये उघडताच त्याच्या ध्वनिकीविषयी तक्रारी सुरू झाल्या. दोष केवळ पृष्ठांचा नव्हता. तथापि वारंवार दुरुस्त्या करूनही समाधान न झाल्याने अखेर १९७६ मध्ये त्याचा अंतर्भाग पाडून नव्याने बांधावा लागला. हे काम वास्तुशिल्पज्ञ फिलिप जॉन्सन व ध्वनिकीतज्ञ सिरिल हॅरिस यांच्याकडे होते. याच दोघांनी मुंबईतील राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राचे टाटा नाट्यगृह आखले व ते १९८० मध्ये उघडले. सु. हजार श्रोत्यांना ध्वनिवर्धकाविना गायनवादन ऐकू यावे, ही त्यामागील अपेक्षा होती. अशा वास्तूत छताचे वा भिंतीचे द्रव्य चुकले, तर ती चूक झाकण्यास यंत्राची मदत मिळत नाही.

संगणकाने गणिताचे श्रम हलके केले. ध्वनिकिरणांचा माग काढण्याची पद्धत नॉर्वेतील आस्बियर्न क्रोकस्टाड व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात ‘ओडिऑन’ या आज्ञावलीचे काम १९८४ मध्ये सुरू झाले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत अनेक संशोधकांनी जर्मनीतील एकाच सभागृहाचे गणित केले. प्रथम प्रत्येकाने वर्णनावरून गुणांक स्वतः ठरविले, नंतर सर्वांना एकसारखे गुणांक देण्यात आले. पहिल्या टप्प्यात उत्तरांत मोठी तफावत पडली. गणकाचा निर्णय हाही गणिताचाच एक भाग असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

द्रव्ये नेमण्याचे काम थोड्या श्रमात व बिनचूक होण्यासाठी काही रीती रूढ झाल्या आहेत. आराखडा काढतानाच एका द्रव्याची सर्व पृष्ठे एका गटात ठेवतात. मग गुणांक एकदाच द्यावा लागतो व पुढे द्रव्य बदलल्यास एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते. ५०० हर्ट्‌झला तरंगलांबी सु. ०·७ मी. असते, त्याहून बरेच लहान नक्षीकाम रेखाटत न बसता सपाट पृष्ठास योग्य प्रकीर्णन गुणांक देतात. श्रोते व आसने, छत आणि मोठ्या भिंती यांचा विचार आधी करतात, कारण एकूण शोषणातील बहुतेक वाटा त्यांचा असतो. उदा., २,००० घ. मी. घनफळाच्या दालनात ४०० चौ. मी. छत सोडून उर्वरित शोषण १०० चौ. मी. आहे असे मानू. छताचा गुणांक ०·०५ धरल्यास निनादन काल सु. २·७ से. येतो, तर ०·१५ धरल्यास सु. २·० से. येतो. दाराच्या मुठीचे द्रव्य शोधण्यात घालविलेला वेळ मात्र व्यर्थ जातो.

वास्तू उभी असल्यास निनादन काल मोजून अनिश्चित गुणांक त्याच्याशी जुळवून घेतात. सर्वच गुणांक मन मानेल तसे बदलले, तर उत्तर जुळते, पण आराखड्यातील चूक लपून राहते.

हा विषय केवळ संगीतगृहांपुरता नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या वस्त्यांची ओळख यंत्रमागांशी जोडलेली आहे. सिमेंटची जमीन, गिलाव्याच्या भिंती व पत्र्याचे छत असलेल्या मागशेडमध्ये धोट्याच्या ठोक्यांचा आवाज पुनःपुन्हा परावर्तित होतो. बुटक्या व पसरट शेडमध्ये ध्वनी सर्व दिशांना सारखा पसरत नसल्याने सॅबिन यांचा नियम तेथे अपुरा पडतो व किरणपद्धती उपयोगी ठरते. येथे द्रव्ये मोजकीच असतात. छताखाली शोषक थर दिल्यास काय साधेल, एवढाच मुख्य प्रश्न उरतो. एकूण शोषण दुप्पट केल्याने परावर्तित ध्वनीची पातळी सु. ३ डेसिबेलच घटते आणि मागाजवळ उभ्या असलेल्या कामगारापर्यंत थेट येणारा आवाज तसाच राहतो. म्हणून शोषक छताचा लाभ मागांपासून दूर अधिक होतो. मागावरील कामगाराच्या श्रवणशक्तीच्या रक्षणासाठी आवाज मुळातच कमी करणे व कर्णरक्षके वापरणे आवश्यक ठरते. गुणांक प्रामाणिकपणे नेमलेले असले, तरच प्रतिमान ही मर्यादा खर्च करण्यापूर्वी दाखवू शकते.