मोनिका राजळे : शेवगाव-पाथर्डीच्या सलग तीन वेळच्या आमदार

अहिल्यानगर जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत. २०१४ ला त्यातून दोन महिला निवडून आल्या: कोपरगावातून स्नेहलता कोल्हे आणि शेवगाव-पाथर्डीतून मोनिका राजळे. दोघीही भाजपच्या. २०१९ ला कोल्हे यांचा अवघ्या ८२२ मतांनी पराभव झाला. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळी जिल्ह्यातून निवडून आलेल्या महिला आमदार एकच, त्या म्हणजे राजळे.

मतदारसंघाचं नाव कागदावर नुसतं 'शेवगाव', क्रमांक २२२. पण पाथर्डी तालुक्याचा बराचसा भागही त्यातच येतो. २००९ च्या निवडणुकीआधी पाथर्डी हा वेगळा मतदारसंघ होता आणि २००४ ला तिथून राजीव राजळे काँग्रेसकडून आमदार झाले होते. मोनिका राजळे या त्यांच्या पत्नी. पाथर्डी तालुक्यातलं कासार पिंपळगाव हे राजळेंचं गाव. वृद्धेश्वर साखर कारखाना म्हटलं की भागात हेच घराणं डोळ्यापुढे येतं.

आमदार होण्याआधी त्यांनी जिल्हा परिषदेत काम केलं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे. त्यामुळे झेडपीत बायका दिसतात, अध्यक्षही होतात. शालिनीताई विखे, राजश्री घुले ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. विधानसभेला मात्र आरक्षण नाही. तिथं पक्षानं तिकीट दिलं तरच दार उघडतं, आणि आपल्याकडे ते बहुतेक घराण्याकडे बघूनच मिळतं. राजळेही याला अपवाद नाहीत.

२०१४ चं वर्ष या घरासाठी विचित्रच गेलं. लोकसभेला राजीव राजळे राष्ट्रवादीकडून उभे होते, भाजपच्या दिलीप गांधींनी त्यांना हरवलं. काही महिन्यांनी विधानसभेला मोनिका राजळे त्याच भाजपच्या कमळावर उभ्या राहिल्या आणि राष्ट्रवादीच्या चंद्रशेखर घुले यांना ५३ हजारांवर मतांनी हरवून निवडून आल्या. उन्हाळ्यात घड्याळ, दिवाळीला कमळ! नगरच्या राजकारणाला याचं फार नवल वाटत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये राजीव राजळे यांचं निधन झालं. खरी कसोटी इथून पुढची होती. नवऱ्याच्या जोरावर निवडून आल्या, आता टिकतात का, असं उघड बोललं जायचं. २०१९ ला समोर राष्ट्रवादीचे प्रताप ढाकणे होते, म्हणजे माजी केंद्रीय राज्यमंत्री बबनराव ढाकणे यांचे चिरंजीव. राजळे सुमारे १४ हजार मतांनी जिंकल्या. २०२४ ला पुन्हा ढाकणे, शिवाय अपक्ष घुले. या लढतीत त्या १९ हजारांच्या फरकानं निवडून आल्या.

पण नुसता फरक बघून चालत नाही. राजळे यांना मिळालेली मतं २०१४ ला सुमारे १ लाख ३४ हजार होती, २०१९ ला १ लाख १२ हजार झाली आणि २०२४ ला लाखाच्या थोडी आत आली. ढाकणे आणि घुले यांची मतं मिळून त्यांच्यापेक्षा बरीच जास्त होती. विरोधकांची फाटाफूट त्यांच्या पथ्यावर पडली, हे त्यांचे कार्यकर्तेही खासगीत नाकारणार नाहीत.

मतं का घटली याचं उत्तर बरंचसं पाण्यात आहे. शेवगावच्या उत्तरेला जायकवाडीचा फुगवटा आहे. धरणात जमिनी याच भागातल्या गेल्या, तरी शेवगावात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं ही तक्रार जुनी आहे. ताजनापूर उपसा सिंचन योजनेचं नाव ऐकत एक पिढी म्हातारी झाली. मुळा कालव्याच्या टेलच्या गावांना आवर्तन सुटलं तरी पाणी पोहोचेल याचा भरवसा नसतो. पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात तर दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघतात, मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. नगर-पाथर्डी रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं, तेही लोक विसरलेले नाहीत. यातले बरेच प्रश्न एका आमदाराच्या हातचे नाहीत, हे खरं. पण गावात जाब आमदारालाच विचारला जातो.

तीन वेळा निवडून येऊनही डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात त्यांना जागा मिळाली नाही. त्यावेळी राज्यात चार महिला मंत्री झाल्या, त्यात अहिल्यानगरची एकही नव्हती.

लोकसभा-विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा २०२३ ला संसदेनं मंजूर केला. तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होईल, असं त्यात म्हटलं आहे. १२ जागांच्या हिशेबानं जिल्ह्याच्या वाट्याला चार येतात. कोणता मतदारसंघ राखीव होणार, हे तेव्हाच कळेल. तिकिटं मात्र कुणाच्या घरात जाणार, याची चर्चा पारावर आतापासूनच रंगते.