बिब्बा सोसतो कुणाला?

हिवाळ्यात यवतमाळच्या सागवानी जंगलात बिब्बा पिकतो. केशरी, मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळं, कठीण बी. बोंडं वाळवली की ती बिब्ब्याची फुलं म्हणून खाल्ली जातात. बी फोडलं की निघते गोडंबी, डिंकाच्या लाडवातली, बाळंतिणीच्या खुराकातली. पण गोडंबीभोवती जे टरफल असतं, त्यातलं काळं तेल अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, डाग लवकर जात नाहीत.

बिब्बा ‘उतला’, असं विदर्भातली माणसं म्हणतात. तो सगळ्यांना सारखा उतत नाही, हेही त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एकीचे हात बिबे फोडूनही टिकतात, तर दुसरीचा चेहरा नुसत्या निसटत्या स्पर्शाने सुजतो. म्हणून फोडणारी हाताला आधी तेल किंवा राख लावते आणि उतलाच तर खोबरं, तीळ, तूप यांचे लेप होतात. ज्याला सोसत नाही त्याने बिब्ब्याच्या वाटेला जायचं नाही, हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा नियम.

हे निरीक्षण वैद्यकातही जुनं आहे. चरकाने भल्लातकाला म्हणजे बिब्ब्याला रसायनांत मानाची जागा दिली, पण तो अग्नीसारखा तीक्ष्ण आहे हे बजावूनच. बिब्ब्याचा काढा देताना टाळू, जीभ आणि ओठांना आधी तूप चोपडावं, असं सुश्रुताच्या संहितेत आहे. शोधनासाठी वैद्य बिबे विटकरीच्या चुऱ्यात घोळतात, म्हणजे तेल चुऱ्यात उतरतं. औषध आणि अपाय एकाच फळात आहेत, हे ओळखून केलेली ही सगळी खबरदारी.

धोब्यांना याच तेलाचा वेगळा उपयोग सापडला. कपड्यावर त्याने केलेली खूण धुतली तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, नेमकी कॉलरवरच्या खुणेखाली, पुरळ उठू लागली. त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये हा विकार वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. तेलातल्या द्रव्याला भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी त्याआधीच भिलावनॉल हे नाव दिलं होतं. अमेरिकेतल्या ‘पॉइझन आयव्ही’ या वेलीतल्या द्रव्याचं ते जवळचं भावंड.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. एकाला चालतं ते दुसऱ्याला का चालत नाही, याचा विचार त्यातून शास्त्रीय मार्गाला लागला. जंगलाकाठच्या घरांनी तोच भेद कातडीवर कधीच वाचला होता, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मात्र या वारशाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. बिब्ब्याची पुरळ बहुधा एकदोन दिवसांनी उठते. शेंगदाणा, काजू, दूध, अंडं किंवा मासे यांची तीव्र ॲलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते: अंगावर गांधी, ओठ-जिभेला सूज, उलट्या, दम, चक्कर. तिच्यामागे आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात आणि ती १९६०च्या दशकात सापडली. तिथे खोबरं-तूप कामाचं नाही. श्वास अडकला किंवा शुद्ध हरपू लागली तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला इलाज. ‘थोडं थोडं खाऊन सवय लावू’ हा घरगुती प्रयोग तर जिवावर बेतू शकतो.

काजू, पिस्ता, आंबा आणि बिब्बा एकाच वनस्पतिकुळातले. काजूची ॲलर्जी असलेल्यांना पिस्ताही बहुधा सोसत नाही. अशा माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोडंबी खाऊ नये. पाकिटबंद पदार्थावर शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन, दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, ग्लुटेनयुक्त धान्यं हे घटक जाहीर करणं २०२०च्या लेबल नियमांनी बंधनकारक आहे. घरच्या लाडवावर लेबल नसतं. तेव्हा डबा पाठवणाऱ्या मावशीने किंवा काकूने आत काय काय घातलंय ते सांगावं, खाणाऱ्यानेही संकोच न करता विचारावं. आणि लाडू खाऊन कुणाला दम लागलाच, तर लेप शोधत न बसता १०८ला फोन करावा.