काचघराच्या दोन्ही अंगांना

व्हर्जिनियातलं जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, माउंट व्हर्नॉन, लांबून दगडी वाटतं. हात लावला की कळतं, पाइनच्या फळ्या आहेत. कडा तासून त्यांना चिऱ्यांचा आकार दिलाय, वर ओल्या रंगावर वाळू मारलीय. हौस दांडगी! मी रोपवाटिकावाला; खोल्या भरभर उरकल्या (फ्रेंच मित्र लाफाएतने १७९० साली पाठवलेली बॅस्टिलच्या तुरुंगाची किल्ली तेवढी पाहिली) आणि बागेकडे वळलो.

बागेची आखणी खुद्द वॉशिंग्टनची. १७८५च्या जानेवारीत तो आपल्याच रानात हिंडून झाडं हेरत होता. ती मुळांसकट आणून नागमोडी वाटांच्या कडेने लावली. हिरवळीच्या टोकाला कुंपण दिसत नाही, कारण चर खणून भिंत त्यात उतरवलीय. गुरं पलीकडेच राहतात, घरातून बघणाऱ्याची नजर मात्र कुठे अडत नाही. कुंपण लपवायची ही युक्ती मला फार आवडली.

१७८७ साली फिलिप बेटर नावाच्या माळ्याशी त्याने लेखी करार केला. नाताळला चार डॉलर, त्यात चार दिवस आणि चार रात्री झिंगून पडायची मुभा. ईस्टरला दोन डॉलर, त्याच कामासाठी. शिवाय रोज सकाळी एक घोट आणि दुपारच्या जेवणाला ग्रॉग, म्हणजे पाणी घातलेली रम. माळ्याला इतकं ओळखून असलेला मालक मी तरी पाहिला नाही.

पण बाकीच्या राबणाऱ्यांशी कसला करार? ते गुलाम होते. १७९९च्या यादीत ३१७ जण. त्यातल्या १२३ जणांना वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने मुक्त केलं. उरलेले बहुतेक त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे, त्यांना सोडायचा हक्कच त्याला नव्हता.

बागेतलं काचघर विटांचं, दक्षिणेला उंच खिडक्या. संत्र्या-लिंबांना थंडी बाधू नये म्हणून जमिनीखालून ऊब खेळवलेली. ते कसं बांधायचं याची माहिती त्याने १७८४ साली बॉल्टिमोरजवळच्या मार्गारेट कॅरल यांच्या काचघरावरून, पत्र लिहून मागवली होती. पुढे याच काचघराच्या दोन्ही अंगांना गुलामांच्या खोल्या काढल्या. सुमारे ६०० चौरस फुटांची एकेक खोली, एक शेकोटी आणि भिंतीलगत एकावर एक फळ्यांच्या झोपायच्या जागा.

१८३५च्या आगीत सगळं जळालं. आज दिसतं ते १९५१ साली पुन्हा उभारलेलं. लोक बागेतून येतात ते थेट लिंबांकडे. तुम्ही गेलात तर आधी खोल्या बघा.