आंबा आणि काजू भाऊबंद कसे? सजीवांच्या वर्गीकरणातील पायऱ्यांचा अर्थ

कैरीच्या देठाचा चीक ओठांना लागला की त्वचा पोळते. काजूच्या बीच्या टरफलातील तेल हाताला लागले की फोड येतात. बिब्बा अंगावर उततो, हे तर जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. या तिन्ही फळांच्या रूपात फारसे साम्य नाही. आंब्याचे मूळ भारतीय उपखंड व म्यानमारच्या परिसरात, तर काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला. तरीही वनस्पतिशास्त्र या तिघांना एकाच कुळात बसवते. त्यांच्या अंगी असलेला दाहक चीक हा त्या नात्याचाच एक पुरावा आहे.

सात पायऱ्या

सजीवांच्या वर्गीकरणात प्रमुख सात पायऱ्या मानल्या जातात: सृष्टी, विभाग (प्राण्यांच्या बाबतीत संघ), वर्ग, गण, कुळ, प्रजाती आणि जाती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस (1707-1778) यांनी या पद्धतीचा पाया घातला. संघ आणि कुळ या पायऱ्या पुढे इतरांनी जोडल्या.

या उतरंडीचा नियम सोपा आहे. दोन सजीव जितक्या खालच्या पायरीवर एकत्र येतात, तितके त्यांचे नाते जवळचे. सख्ख्या भावंडांचे नाते आईवडिलांपाशी जुळते, चुलत भावंडांचे आजोबांपाशी, तर दूरच्या भाऊबंदांसाठी अनेक पिढ्या मागे जावे लागते. सजीवांचेही तसेच आहे. वरच्या पायरीवरची भेट म्हणजे फार प्राचीन काळातील समान पूर्वज.

आंब्याचे उदाहरण घेऊ. काजू, बिब्बा, पिस्ता, चारोळी आणि अंबाडा हे त्याच्याच ॲनाकार्डिएसी अर्थात आम्र कुळातले. प्रजाती मात्र प्रत्येकाची वेगळी. एक पायरी वर, सॅपिंडेलीज या गणात, लिंबू, कढीपत्ता, कडुनिंब, लिची आणि रिठा भेटतात. आणखी वर गेल्यावर द्विदल वनस्पतींमध्ये फणसाची गाठ पडते. माड मात्र एकदल; त्याची आंब्याशी भेट थेट सपुष्प वनस्पतींच्या पायरीवर होते. एकाच कुळागरात शेजारी वाढूनही ही दोन झाडे एकमेकांची फार दूरची नातलग आहेत.

मानकुराद, मुसराद, हापूस, पायरी यांना आपण आंब्याच्या ‘जाती’ म्हणतो. शास्त्रीय अर्थाने ते एकाच जातीचे वाण आहेत. ‘प्रजाती’ हा शब्दही बातम्यांतून अनेकदा जातीच्या अर्थाने वापरला जातो. वर्गीकरणात मात्र प्रजाती ही जातीच्या वरची पायरी असून एका प्रजातीत अनेक जाती असू शकतात.

नावातील कोणता शब्द नाते सांगतो?

प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्या जातीची ओळख पटवणारा. आंबा मँजिफेरा इंडिका, कोकम गार्सिनिया इंडिका आणि चिंच टॅमरिंडस इंडिका. तिन्ही ‘इंडिका’, पण त्यावरून नाते सिद्ध होत नाही. इंडिका म्हणजे केवळ ‘भारतातील’. ही तीन झाडे तीन निरनिराळ्या कुळांतली आहेत. मँगोस्टीनचे नाव मात्र गार्सिनिया मँगोस्टाना. पहिला शब्द समान असल्याने कोकमाचा तो जवळचा आप्त ठरतो. त्याच्या इंग्रजी नावात ‘मँगो’ असला तरी आंब्याशी त्याचे जवळचे नाते नाही.

प्राण्यांतही रूप आणि बोलीतील नाव फसवे ठरते. गोव्याचा राज्यप्राणी असलेल्या गव्याला कोणी रानरेडा म्हणतात, कोणी बायसन. प्रत्यक्षात गवा (बॉस गॉरस) गायीच्याच बॉस प्रजातीतला आहे. म्हैस बुबॅलस या वेगळ्या प्रजातीतली. गवा, गाय, म्हैस आणि बकरी यांचे कुळ एक. डुक्कर त्यांना गणाच्या पायरीवर, म्हणजे समखुरी प्राण्यांत भेटते. घोडा विषमखुरी, त्याचा गणच निराळा.

नात्याचा उपयोग

ही मांडणी केवळ परीक्षेपुरती नाही. लाळ्या खुरकत हा रोग गाय, म्हैस, बकरी आणि डुक्कर या समखुरी प्राण्यांना होतो, गव्यालाही होऊ शकतो. घोड्याला होत नाही. म्हणून गोठ्यातील साथ जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गव्यांसाठीही चिंतेची बाब ठरते.

आहारातही हेच दिसते. काजूची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला पिस्त्याचीही ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच असते, कारण दोन्ही बियांतील प्रथिने मिळतीजुळती आहेत. बाजारात ‘सुकामेवा’ या एकाच नावाखाली मिळणारा बदाम मात्र गुलाबाच्या कुळातला, अक्रोड आणखी वेगळ्या कुळातला, तर शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला. अर्थात कुळ हे फक्त सावधगिरीची दिशा दाखवते. बदाम निर्धोक की अपायकारक, हे त्या व्यक्तीच्या तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

पायऱ्यांच्या मर्यादा

लिनियस यांनी सजीवांची विभागणी साम्यावरून केली. समान पूर्वजांचा विचार वर्गीकरणात रुजला तो चार्ल्स डार्विन यांच्या 1859 मधील ग्रंथानंतर. आता डीएनएच्या अभ्यासातून जुनी नाती पुन्हा तपासली जात आहेत. सागवान पूर्वी घाणेरीच्या कुळात गणला जाई. आता त्याचे स्थान तुळशीच्या कुळात आहे. झाड तेच राहिले, त्याच्या नात्याविषयीची आपली समजूत सुधारली.

शिवाय या पायऱ्या माणसाने आखलेल्या आहेत. कीटकांतील एक कुळ आणि पक्ष्यांतील एक कुळ सारख्याच वयाचे असेल असे नाही. त्यामुळे पायऱ्यांवरून वर्षे मोजता येत नाहीत. एकाच उतरंडीत कोण कोणाच्या अधिक जवळ आहे, एवढे मात्र त्या सांगतात. काजूच्या टरफलाने हात पोळलेल्या माणसाने कैरीचा चीक जपून पुसावा, हे कळण्यास तेवढे पुरेसे आहे.