पहाणीची नक्कल

आम्ही भालकीचे. बोलणं मराठी, शेताची पहाणी कन्नड. बेंगळुरूत लिनक्स कर्नेलच्या मेमरीच्या कोडमधले बदल तपासताना ती पहाणी आठवते. दोन प्रोग्रॅम एकाच पानावरून वाचतात. एकाला लिहायचं झालं, की आधी त्याला वेगळी नक्कल द्यायची. हेच 'कॉपी-ऑन-राइट'. पण नेमक्या क्षणी नक्कल काढून घेतली, तर लिहिलेलं मूळ पानावरच जायचं. साधा वापरकर्ता मग घरमालकच की! लायनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये हे खिंडार बुजवलं होतं; एस३९० या मोठ्या यंत्रांवर अडचण आली अन् दुरुस्ती काढली गेली. पुन्हा बुजवलं ते ऑक्टोबर २०१६ मध्ये. 'डर्टी काऊ' नावानं गाजलं ते हेच. जुना फेरफार रद्द करणारा पॅच आला, की मी म्हणूनच जास्त वेळ घेतो. नव्या दुरुस्तीच्या नोंदीत, आपली जुनी दुरुस्ती वाईट होती, हेही लायनसनं लिहून ठेवलंय.